बोंझूर, मॉरिशस!

मुलांनो, या मे महिन्यात मॉरिशसला जायचं का? अरे, तिकीट नसलं म्हणून काय झालं? बेत तर आखू या!

काढा नकाशा. आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्करच्याही पलीकडे हे बेट दिसेल. आपल्याकडे उन्हाळा, तेव्हा तिथे हिवाळ्याची चाहूल. म्हणून एक पातळ स्वेटर घ्या. घड्याळ दीड तास मागे करा. आणि दोन शब्द पाठ करा : 'बोंझूर' म्हणजे नमस्कार, 'मेर्सी' म्हणजे धन्यवाद.

ही तिथली क्रिओल बोली. आफ्रिका-मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या कितीतरी माणसांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मालकांचे फ्रेंच शब्द उचलून त्यांनी आपली बोली घडवली. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. बोली मात्र राहिली, सगळ्या बेटाची झाली. त्यांचा सेगा नाचही राहिला. त्यातलं 'रावान' हे वाद्य बकरीच्या कातड्याचं. आपल्या हलगीसारखं विस्तवावर शेकून वाजवायचं!

तिथे मराठी वंशाची माणसंही आहेत. गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. तीही क्रिओल बोलतात बरं का!

कुणी तिला 'मोडकी फ्रेंच' म्हणालं, तर तुम्ही हसू नका हं. तुमच्या घरच्या बोलीला वर्गात कुणी हसलं, तर कसं वाटतं? तसंच आहे ते.

चला, वहीत बेत लिहा. पहिला शब्द : बोंझूर!