नांगर, बैल आणि मूर्ख

चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने हाती काठी घ्यावी ती आधारासाठी, असा आपल्याकडे संकेत आहे. मी ती घेतली जर्मन तलवारबाजी शिकण्यासाठी. आणि तीही कुठे, तर अमरावतीजवळच्या वलगावात. होय, ज्या पेढी नदीपाशी १९५६ साली गाडगेबाबांनी देह ठेवला, तेच हे वलगाव. वाचकांनी खुशाल हसावे. आमचे कुटुंब पोटभर हसून मोकळे झाले आहे.

त्याचे असे झाले. बारावीनंतर पुढे काय, या प्रश्नावरून आमचे चिरंजीव आणि मी यांच्यात दोन महिने अबोला होता. त्याला शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात जायचे होते, मी म्हणत होतो, "पोटापाण्याचे काहीतरी शीक." मराठी शिकवून पोट भरणाऱ्याने हे सांगावे, यातला विनोद तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. एका संध्याकाळी त्याने काही कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "बाबा, हे तुमच्याच विषयासारखे दिसते."

होतेही तसेच. चौदाव्या शतकात योहानेस लिख्टेनाउअर नावाचा एक जर्मन वस्ताद होऊन गेला. त्याने लांब तलवारीची विद्या पद्यात बांधली. आणि ती भलत्याच्या हाती लागू नये म्हणून शब्द मुद्दाम कूट योजले. पंधराव्या शतकात त्या पद्यांवर गद्यात टीका लिहिल्या गेल्या. पुढे ही परंपरा खंडित झाली, आणि आज युरोपातले हौशी लोक त्या टीका वाचून विद्या पुन्हा जुळवीत आहेत. मूळ पद्य, त्यावर टीका, आणि अर्थावरून वाद! माझा सारा जन्म यातच गेलेला.

तलवार दोन्ही हातांनी धरायची. वजन दीड किलोच्या आतबाहेर. सिनेमात दाखवतात तशी ती लोखंडी पहार नव्हे. पवित्रे मुख्य चार. मूठ डोक्याजवळ आणि टोक शिंगासारखे समोरच्याच्या तोंडावर रोखलेले, तो 'ऑक्स', म्हणजे बैल. मूठ कमरेशी आणि टोक वर चढते, तो 'प्लुग', म्हणजे नांगर. तलवार खांद्यापाशी किंवा डोक्यावर उगारलेली, तो 'फोम टाग'. आणि टोक जमिनीकडे सोडून अंग जणू उघडे टाकायचे, तो 'आल्बर', म्हणजे मूर्ख! हा मूर्ख फसवा असतो. समोरचा भुलून आत येतो आणि सापडतो.

वऱ्हाडी माणसाला बैल आणि नांगर काय समजावून सांगायचे! पुस्तकी ज्ञानावर विसंबून आम्ही बापलेकांनी अंगणात काठ्या परजल्या. तिसऱ्या वाराला तुळशीवृंदावनाचा कोपरा उडाला. तेव्हा सौभाग्यवतींनी आज्ञा केली, "आधी कोणी जाणता गाठा."

गावात एक वृद्ध वस्ताद आहेत. तरुणपणी लाठी, बनेटी, दांडपट्टा खेळलेले. जर्मनीचे नाव काढताच म्हणाले, "बर्लिनले आपले पोट्टे गेले होते ना!" खरेच आहे ते. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. आपण तिकडे दाखवून आलो, मग त्यांचे इकडे पाहायला हरकत कोणती?

पहिला धडा पायांचा. "हात मंग, गुर्जी. पाय पह्यले." जर्मन टीकाकारही हेच सांगतो: उजवीकडून वार करायचा तर उजवा पाय वाराच्या मागोमाग पुढे गेला पाहिजे, नाहीतर वार तोकडा पडतो. हे वाक्य मी दहादा वाचले होते, आणि तरीही खांबासारखा एका जागी उभा राहून काठी फिरवीत होतो.

दुसरा धडा स्पर्शाचा. तलवारीला तलवार भिडली, की समोरच्याचा जोर कठीण आहे की मऊ, हे हाताला कळले पाहिजे. जर्मन त्याला 'फ्यूलेन' म्हणतात. वस्तादांनी आम्हां दोघांच्या काठ्या एकमेकींना टेकवल्या आणि म्हणाले, "आता डोये मिटा. तो दाबते तं तुमी सोडा, त्याचा जोर वाया जाते. तो ढिला पडला, का घुसा."

मी डोळे मिटले आणि दाबले. चिरंजिवांची काठी अलगद निसटली आणि माझ्या खांद्याला टेकली. पुन्हा दाबले, पुन्हा टेकली. पाच वेळा असे झाले. त्याने एकदाही मला लागू दिले नाही.

वस्ताद हसले. "गुर्जी, तुमी दाबूनच ऱ्हायले. पोरगा काय म्हन्ते ते जरा काठीतून आयका ना!"

डोळे मिटलेलेच होते ते बरे झाले.

जर्मन वस्तादाने वेळेचे तीन भाग केले आहेत: आधी, नंतर आणि 'इंडेस', म्हणजे 'तेवढ्यात'. काठीला काठी लागलेली असताना, त्याच क्षणी जे कळते आणि करायचे असते, ते 'तेवढ्यात'. 'आधी'ची वेळ मी उपदेशात घालवली होती आणि 'नंतर' बहुधा पश्चात्तापाला लागले असते. परतताना मी विचारले, "त्या महाविद्यालयाचा अर्ज भरायची तारीख गेली का रे?"

"नाही अजून," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुढे म्हणाला, "बाबा, तुमचा पाय आज चांगला पडत होता."

हे खोटे होते. पण काठीने शिकवलेला मऊपणा तो असा लगेच वापरील, हे मला सुचले नव्हते.

घरी आल्यावर सौभाग्यवतींना सारी हकीकत सांगितली. आज मी कोणता पवित्रा घेतला, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "चौथा. टोक जमिनीकडे. जर्मन लोक त्याला मूर्ख म्हणतात."

त्या म्हणाल्या, "आमच्याकडे त्याला उशिरा सुचलेले शहाणपण म्हणतात. आणि वृंदावनाच्या कोपऱ्याचे काय?"