संकेतांक कळावा कोणाला?

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वेल्डिंग यंत्राचा बिघाड वेल्डरच्या कानाला नि नाकाला कळे. इन्व्हर्टर यंत्रे आली आणि ती जाण पडद्यावरील एका संकेतांकात जाऊन बसली. या अंकांना समान नियम नाही. एका कंपनीच्या यंत्रात जो अंक अतिउष्णतेचा, तोच दुसरीच्या यंत्रात विद्युतदाबाचा असू शकतो. अर्थ सांगणारी पुस्तिका बहुधा इंग्रजी, आणि तीही कचेरीच्या कपाटात! मग भोसरीसारख्या वसाहतींतील लहान कारखान्यांत संकेतांक म्हणजे निव्वळ खोळंबा ठरतो, आणि उष्णतामापकाच्या तारा परस्पर जोडून त्याचे तोंड बंद करण्याचा मोह होतो.

वस्तुतः संकेतांक हे लक्षण आहे, निदान नव्हे. यंत्रावर २५० अँपिअरला ६० टक्के ड्यूटी सायकल लिहिलेली असेल, तर त्या प्रवाहावर दर १० मिनिटांत ६ मिनिटेच काम घ्यावयाचे असते. उष्णतेचा इशारा मिळताच काम थांबवावे, पण पंखा चालू राहू द्यावा. जाळीतील धूळ पाहावी. विद्युतदाबाचा इशारा असेल, तर तिन्ही फेज विद्युत्तंत्रज्ञाकडून तपासून घ्याव्यात. झाकण उघडणे मात्र जाणकाराचेच काम. कारण वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ उरणारा भार प्राणघातक ठरू शकतो.

म्हणूनच संकेतांकांचा तक्ता मराठीत यंत्रावरच लावणे हे उत्पादकांचे, आणि तो मागून घेणे हे कारखानदारांचे कर्तव्य होय. यंत्राने इशारा द्यावा आणि ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्यालाच तो कळू नये, याला प्रगती म्हणता येणार नाही.