बांध म्हणजे पडीक जागा नव्हे



आज सकाळी सोयाबीन बघायला गेलो आणि अर्धा तास बांधावरच बसलो. सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागलीत, आठ-दहा दिवसांत काढणी. पण बांध बघा काय नटलाय! खाली केन्याची निळी फुलं, त्यातनं वर आलेले कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे, उताराकडं सोनकीचा पिवळा पट्टा. तेरडा आता संपत आलाय, शेंगांना बोट लागलं की फट्‌दिशी फुटून बी उडतंय. मागं मारवेल कमरेएवढं. कडेला दसऱ्यासाठी लावलेला झेंडू. कुणी आखून लावलं नाही, तरी एकाला एक शोभतंय.

भादवा संपता संपता आपल्या साताऱ्याकडच्या मावळात असंच असतं. कासचं पठार बघायला लोक लांबनं गाड्या करून येतात. पश्चिम घाटाला 2012 साली जागतिक वारसा मिळाला, त्यात कासही आहे. चांगलंच झालं. पण त्यातला तेरडा, सोनकी आपल्या बांधावर आली की आपण तिला काय म्हणतो? तण. आणि पंप पाठीला लावतो.

मीही लावला होता, खोटं कशाला बोलू. तीन वर्षांमागं मजूर मिळेना, खुरपणीचे दर परवडेनात, म्हणून सगळ्या बांधांवर ग्लायफोसेट मारलं. पंधरा दिवसांत बांध तांबडा. लोक म्हणाले, "रान कसं स्वच्छ दिसतंय!" मलाही बरं वाटलं.

त्याच वर्षी खालच्या वावरात लाल भोपळा आणि काकडी होती. वेल जोमात, फुलं भरपूर, पण सुपारीएवढं फळ धरायचं आणि पिवळं पडून गळायचं. आधी वाटलं फळमाशी. फळं चिरून बघितली, आत अळी नाही. मग एक दिवस उजाडताच वावरात जाऊन बसलो. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि उन्हं वर आली की मिटतं, मादी फुलाला तेवढीच सकाळ मिळते. दोन तासांत मधमाश्या मोजल्या, पाच बोटं पुरली. शेवटी मी आणि घरची, दोघं पहाटे नर फुलं तोडून मादी फुलांवर फिरवत बसलो.

आता कृषीवाले मित्र म्हणतील, एका वर्षावरनं सिद्ध काय होतं? बरोबर आहे. पाऊसही त्या साली विचित्र होता. पण साधा हिशोब करा. सातेरी माशी काय आपली काकडी फुलायची वाट बघत वर्षभर उपाशी राहणार? काकडीच्या आधी आणि नंतर तिला खायला लागतं. ते केना, कुरडू, सोनकी, टाकळ्याच्या भरवशावर चालतं. परागकण का होईना, मिळतात. मधली भाकरी आपण जाळली तर ती आपल्या दारी का येईल?

माझी आजी बाजरी पेरायची तेव्हा चार ओळींनंतर तुरीची ओळ असायची. त्यातच तीळ, हुलगा, मटकी, कडेनं अंबाडी आणि कारळं. या दिवसांत ते रान बघायला डोळे कमी पडायचे. कारळ्याचं पिवळं, तिळाचं फिकट गुलाबी, अंबाडीचं मध्ये काळपट लाल ठिपका असलेलं फूल. आम्हाला वाटायचं शोभेसाठी. पण कारळं माशीशिवाय नीट भरत नाही, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. एक पीक गेलं तर दुसरं हाताशी असायचं, आणि रानात सतत काहीतरी फुललेलं असायचं. शोभा आणि फायदा हे दोन वेगळे खण आपण नंतर पाडले.

म्हणून बांध मोकाट सोडा असं मी म्हणत नाही. माझा नियम सांगतो.

काँग्रेस गवत फुलायच्या आधी मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून. त्याला आणि पेटारीला दया नाही, पिठ्या ढेकूण तिथंच वाढतो. कुरडू बांधावर राहू दे, पण वावरात दिसला की बी धरायच्या आत काढायचा, नाहीतर पुढची पाच वर्षं तोच पीक. त्याची कोवळी पानं भाजीला घ्या. गवत सगळं एकदम कापायचं नाही. आज एका बाजूचं, तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूचं. जनावरांना ओला चारा टिकतो, किड्यांना आसरा राहतो आणि तेरड्या-सोनकीचं बी पडून जातं. पायवाट तेवढी स्वच्छ ठेवायची, या दिवसांत साप असतात. टोमॅटो असेल तर दर 14 ते 16 ओळींमागं झेंडूची एक ओळ, फळ पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी घालायला तिकडं जाते.

यात कष्ट आहेत. विळा चालवावा लागतो. फवारणीच्या एका सकाळीचं काम मला तीन सकाळी पुरतं. ते मी नाकारत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. बांध एकट्याचा नसतो. माझ्या वरच्या अंगाला चुलत्यांचं रान. त्यांच्या बाजूचा अर्धा बांध आजही जळका आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथलीच माती ढासळून माझ्या सोयाबीनवर आली. मुळंच मेली तर माती धरणार कोण? परवा त्यांना म्हणालो, "तात्या, या वर्षी तुमच्या बाजूचं गवत मीच कापून तुमच्या म्हशीला टाकतो, पण औषध मारू नका." ते हसले. "एवढ्या फुलांसाठी?" म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "बघू, एक साल."

आपल्याकडं बांध कोरण्यावरनं भाऊ-भाऊ कोर्टात गेलेत. बांध राखण्यावरनं दोन घरं बोलायला लागली तर वाईट काय?

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. पण बी पडू दिलं तर पुढच्या गौरीला तो परत तिथंच उभा असतो. गौर आणायला मग दुसऱ्याच्या बांधावर जावं लागत नाही.

तुमच्या बांधावर आत्ता काय फुललंय? फोटो टाका, आणि तुमच्या गावात त्याला काय म्हणतात ते नावही लिहा. नावं गेली की झाडं नुसती तण होतात.