गाईचे अंथरूण आणि घरधनिणीचा घाम

गुहागर तालुक्यात वेळणेश्वरकडे पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो. तिकडे गोठ्यात भाताचा पेंढा, पातेरा अंथरायची रीत. भिजला की उकिरड्यावर. मूत मुरलेले तेच खत.

आपण कोरडवाहूवाले पाऊस कमी म्हणून निर्धास्त. पण मुताची ओलही कासेला दगडी आणते. धार काढल्यावर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे राहते. तेवढा वेळ पुढे कडबा टाकावा, म्हणजे गाय बसत नाही. गव्हाणीतले चघाळ वाळवून खाली पसरावे, ओले रोज काढावे. पऱ्हाटी नको, टोचते.

हे सारे मायबहिणींच्या अंगावर पडते, अन् दुधाच्या हिशेबात त्यांची मजुरी कोणी धरत नाही. शेतकरी भावांनो, भाव मागण्याआधी ती मांडा. घरातच अर्धा खर्च लपवला, तर सरकारपुढे पुरा कसा मांडणार?