धाडसाचा जमाखर्च

चुनखडी आदिलाबादकरांना नवी नाही. तिच्याच जोरावर येथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला होता. पण चुनखडीच्याच एका पर्वतावर धाडसाची केवढी किंमत मोजावी लागली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्सुगश्पिट्स हे जर्मनीतील सर्वोच्च शिखर. उंची २९६२ मीटर. १३ जुलै २००८ रोजी त्यावर धावत चढण्याची शर्यत झाली. वर पाऊस, वारा आणि बर्फ. कित्येकांच्या अंगावर मात्र अर्धी चड्डी व पातळ बनियन. दोन धावपटू गारठून व थकून मरण पावले.

धावत असेतो शरीर ऊब निर्माण करते. पाय थकले की ती आटते आणि ओले कपडे उरलीसुरली ऊबही ओढून घेतात. तरीही अशा वेळी मन म्हणते, 'फी भरली, एवढे चढून आलो, आता कसे परतायचे?' आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत हा बुडीत खर्च. तो परत येत नाही. म्हणून पुढचा निर्णय त्यावरून घ्यायचा नसतो.

मित्रहो, भर पावसात आपणही कुंतालाच्या धबधब्यावर, माहूरगडावर हौसेने जातो. निम्म्या वाटेवरून परतणाऱ्या सोबत्याची थट्टा करणे आधी आपण सोडू या. त्या थट्टेच्या धाकानेच पुष्कळांची पावले पुढे पडत असतात.