वीज गेली तरी न विसरणारी चिप. पण ती तापते त्याचं काय?

कॉम्प्युटर बंद झाला की रॅममधलं सगळं पुसलं जातं. 'एमरॅम' चिपमध्ये तसं होत नाही. तिथे ० आणि १ चुंबकाच्या दिशेत साठवतात, त्यामुळे माहिती टिकवायला वीज लागत नाही. सॅमसंगनं २०१९ मध्ये अशा चिपचं व्यावसायिक उत्पादन सुरू केलं.

मग अडचण कुठे आहे? माहिती लिहिताना. चुंबकाची दिशा फिरवायला साधारण १ नॅनोमीटर जाडीच्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या थरातून करंट सोडावा लागतो. करंट अगदी थोडा, पण वाट इतकी चिंचोळी की काही नॅनोसेकंदांत तापमान चढतं. गंमत म्हणजे तापलेला चुंबक फिरवणं सोपं जातं. पण त्याच उष्णतेनं हा पातळ थर झिजतो आणि शेजारचे बिटही डळमळू शकतात.

शिवाय थर ओलांडून इलेक्ट्रॉन ज्या बाजूला पोचतात, ती बाजू जास्त तापते. म्हणजे ० लिहिताना आणि १ लिहिताना उष्णता सारखी नसते!

त्यामुळे 'एमरॅम वीज वाचवते' असं कुणी म्हटलं, तर विचारा: माहिती ठेवताना की लिहिताना? सतत लिहावं लागणाऱ्या एआयच्या कामांत हा फरक मोठा आहे. गाड्यांमधल्या अनेक चिपना तर १२५ अंश सेल्सिअसच्या वातावरणातही चालावं लागतं, आणि लिहितानाची उष्णता त्याच्या वर.