रेडीमेड क्लब की मापाचा? आधी चुकीची जात ओळखा

गोल्फ हा भारतात थोड्यांचा खेळ आहे. त्यातही क्लब आपल्या अंगाच्या मापाने करून घ्यावा की दुकानातला तयार उचलावा, हा प्रश्न त्या थोड्यांपैकीही थोड्यांना पडतो. तरी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्याकडे लक्ष द्यावे, याला दोन कारणे आहेत. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत पहिल्याच पानावर येणाऱ्या ‘त्रुटी’ या प्रकरणाचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही, हे पहिले. दुसरे असे, की एखादे साधन नेमके कोणाचे शरीर डोळ्यांसमोर ठेवून घडवले जाते, हा प्रश्न गोल्फच्या हिरवळीपुरता उरत नाही.

या वादात दोन पक्ष ठरलेले असतात. मापाच्या क्लबचा विक्रेता सांगतो, की आपला क्लब हाती आल्याशिवाय खेळ सुधारणारच नाही. संशयी माणूस म्हणतो, की नाचता येईना त्याला अंगण वाकडे. आधी खेळायला शिका. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांचीही चूक एकच आहे. खेळाडू कोण, हे न विचारता ते उत्तर देतात.

मुळात ‘तयार’ क्लब हीच अलीकडची गोष्ट आहे. १८२९ साली कोलकात्यात रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब ही संस्था स्थापन झाली. ब्रिटिश बेटांबाहेरची ती सर्वांत जुनी गोल्फ संस्था. त्या काळी क्लब हाताने घडत. पुढे दांड्यासाठी हिकरी लाकडाचा प्रघात पडला. प्रत्येक दांड्याचा स्वभाव वेगळा असे आणि कारागीर तो तासून तासून जुळवी. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेने १९२९ साली पोलादी दांड्याला मान्यता दिली. मग एकसारखे दांडे कारखान्यात घडू लागले, एकसारखे संच दुकानांत मांडले गेले आणि खेळाडूने क्लबशी जुळवून घ्यावे असा शिरस्ता पडला. पुढे कार्स्टन सोल्हाइम या अमेरिकेतील अभियंत्याच्या ‘पिंग’ कंपनीने क्लबच्या कोनांसाठी रंगांच्या खुणांची पद्धत आणली आणि मापाची कल्पना कारखान्यात परतली. शिंप्याकडून रेडीमेडकडे आणि रेडीमेडकडून पुन्हा मापाकडे, असा हा प्रवास आहे.

मापाचा क्लब काय करू शकत नाही, ते आधी पाहू. गोल्फच्या चेंडूचे वस्तुमान नियमानुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते. ड्रायव्हर या सर्वांत लांब क्लबचे डोके साधारण २०० ग्रॅमचे असते. दोघांची टक्कर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास संपते. इतक्या अल्प काळात दांडा आणि हात यांचा फारसा प्रभाव पडत नाही, म्हणून ही दोन मुक्त वस्तूंची टक्कर समजून संवेग अक्षय्यतेचा नियम लावता येतो. उसळीचा गुणांक ०.८३ धरला, तर चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या १.८३ भागिले १.२३, म्हणजे सुमारे १.४९ पट निघतो. नियमांनी या उसळीलाच मर्यादा घातलेली असल्यामुळे क्लब दुकानातला असो वा मापाचा, हा आकडा फारसा हलत नाही. टकरींचे हे गणित भारतीय विज्ञानाला परके नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात असताना अत्यंत मंद वेगाने आदळणाऱ्या गोळ्यांची छायाचित्रे घेऊन उसळीचा अभ्यास केला होता. तो निबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे ‘मापाच्या क्लबने चेंडू कैक पटींनी लांब जातो’ असे कोणी म्हणू लागला, तर निसर्गनियम त्याच्या बाजूने नाहीत. माप जुळल्यामुळे फटका डोक्याच्या मध्यावर बसण्याची शक्यता वाढते आणि चेंडूचा उड्डाणकोन व फिरकी सुधारू शकते. मिळणारे अंतर एवढ्यातूनच येते. शिवाय अंतर म्हणजे सगळा खेळ नव्हे. टोकियो ऑलिंपिकमध्ये जागतिक क्रमवारीत २००व्या स्थानी असलेली बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली. पदकापासून ती अवघा एक फटका दूर राहिली. लांब मारणाऱ्यांत तिची गणना नव्हती. तिने सामना खेचला तो मोजूनमापून मारलेल्या छोट्या फटक्यांवर.

आता माप काय करू शकते? क्लबचा दांडा जमिनीशी जो कोन करतो त्याला ‘लाय’ म्हणतात आणि फेस मागे जितका कललेला असतो त्याला ‘लॉफ्ट’. बुटक्या खेळाडूच्या हाती लांब क्लब आला, तर त्याचे हात खाली राहतात, डोक्याचे टोक उचलले जाते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे निघतो. किती? साधी भूमिती सांगते, की लायमधील चुकीला लॉफ्टच्या स्पर्शगुणोत्तराने, म्हणजे ‘टॅन’ने गुणावे. ३४ अंश लॉफ्टच्या क्लबमध्ये लाय ३ अंशांनी चुकली, तर फेसची दिशा सुमारे २ अंशांनी वळते. चेंडू तिकडेच निघाला, तर १३० मीटरवर तो लक्ष्यापासून साधारण साडेचार मीटर बाजूला पडेल. १० अंश लॉफ्टच्या ड्रायव्हरमध्ये मात्र तीच चूक दिशा जेमतेम अर्ध्या अंशाने बदलते. म्हणून झळाळत्या ड्रायव्हरच्या मापावर खर्च करून छोट्या क्लबांची लाय न तपासणे, हे गणिताच्या उलट दिशेने चालणे होय.

इथे प्रयोगवहीतले पहिले पान उघडावे. मोजमापातील त्रुटी दोन जातींची असते. वजनकाट्याचा शून्य सरकलेला असेल, तर प्रत्येक नोंद एकाच दिशेने चुकते; ही पद्धतशीर त्रुटी. हात थरथरल्याने नोंदी इकडेतिकडे विखुरतात; ही यादृच्छिक त्रुटी. न जुळणारा क्लब पहिल्या जातीची चूक करतो आणि कच्चा फटका दुसऱ्या जातीची. माप पहिलीवर औषध आहे, सराव दुसरीवर. एका रोगावरचे औषध दुसऱ्यावर चालत नाही.

दोन्ही चुका एकत्र येतात तेव्हा त्यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज होते. समजा, नवशिक्याचे फटके १५ मीटर प्रमाण विचलनाने विखुरतात आणि क्लबमुळे त्यात साडेचार मीटरची एकाच दिशेची चूक मिसळते. एकूण चूक १५.७ मीटर होते. अगदी अचूक मापाचा क्लब दिला, तर ती १५ वर येते. लाभ जेमतेम ४ टक्के. आता मुरलेल्या खेळाडूचे विचलन ५ मीटर माना. त्याची एकूण चूक ६.७ मीटर आहे आणि मापाचा क्लब ती ५ वर आणतो. लाभ सुमारे २५ टक्के. क्लब तोच, साडेचार मीटरही तेच. फरक पडला तो खेळाडूच्या विखुरण्यामुळे.

याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. माप घेणाऱ्या दुकानात ग्राहक एका क्लबने पाच-दहा फटके मारतो आणि रडार किंवा वेगवान कॅमेरा आकडे दाखवतो. दहा फटक्यांच्या सरासरीची अनिश्चितता म्हणजे विचलन भागिले दहाचे वर्गमूळ. नवशिक्यासाठी ती ४.७ मीटर येते. ज्या साडेचार मीटरच्या चुकीचा शोध घ्यायचा, तिच्याहून मापाची अनिश्चितताच मोठी! यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी उपयोग नाही, कारण थरथर यंत्राच्या बाहेर आहे. अशा वेळी ‘हा क्लब तुम्हाला शोभतो’ हे विधान मोजणीतून आलेले नसते. दोन क्लबांची तुलना करायची, तर ते आलटून पालटून मारावेत, फटके पुरेसे असावेत आणि सर्वोत्तम फटक्याकडे न पाहता सर्व फटक्यांकडे पाहावे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे सांगावे लागू नये. पण काचेच्या दालनात भलेभले हे विसरतात.

तेव्हा सर्वसाधारण बांध्याच्या नवशिक्याने साधा किंवा वापरलेला संच घ्यावा आणि उरलेले पैसे प्रशिक्षकाला द्यावेत. इथवर संशयी माणसाचा विजय झाला असे वाटेल. पण हा हिशेब साडेचार मीटरच्या चुकीचा होता. ज्याचे शरीर क्लबने गृहीत धरलेल्या शरीरापासून फार दूर आहे, त्याच्या बाबतीत पद्धतशीर त्रुटी इतकी मोठी असू शकते, की पहिल्या दिवसापासून ती खेळ बिघडवते.

हे गृहीत शरीर कोणाचे? पुरुषांचे तयार क्लब साधारणपणे १७५ सेंटीमीटरच्या आसपास उंचीचा खेळाडू धरून आखले जातात. भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटीमीटर आणि स्त्रीची सुमारे १५२. यावरून लगेच ‘सगळे क्लब भारतीयांना लांबच’ असा निष्कर्ष काढू नये. खरे महत्त्व मनगटापासून जमिनीपर्यंतच्या अंतराला आहे. उंच माणसाचे हातही लांब असल्यामुळे हे अंतर उंचीइतके बदलत नाही. तरीही कमी उंचीची स्त्री, वाढत्या वयाचे मूल आणि डावखुरा खेळाडू यांच्यासाठी दुकानातली निवड फार आक्रसते. हरियाणाची दीक्षा डागर डावखुरी आहे, तिला जन्मापासून ऐकू कमी येते आणि तिने ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले आहे. सरासरी धरून मांडलेल्या फळीवर अशा खेळाडूच्या हाताचा क्लब शोधावा लागतो.

सर्वांत जास्त पणाला लागते ते मुलांचे. घरातल्या मोठ्यांचा जुना क्लब कापून मुलाच्या हाती देण्याची रीत आहे. दांडा कापला की तो अधिक ताठ होतो, पण डोक्याचे वजन तेवढेच राहते. मूल आपल्या ताकदीबाहेरचे ओझे फिरवण्यासाठी अंग वाकडे करते आणि तोच वाकडेपणा सरावाने पक्का होतो. पुढे नेमका क्लब मिळाला तरी शरीरात मुरलेली चूक निघत नाही. इथे पद्धतशीर त्रुटी साधनातून माणसात उतरते. सराव ही यादृच्छिक त्रुटीची दवा. पण सदोष साधनावर केलेला सराव पद्धतशीर त्रुटी घट्ट करत जातो.

यावर महाराष्ट्रातला वाचक सचिन तेंडुलकरांचे उदाहरण देईल. लहानपणी थोरल्या भावाची मोठी बॅट पेलताना दांड्याच्या तळाशी धरण्याची सवय लागली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आणि त्याच पकडीने पुढे काय घडले ते जगाने पाहिले. उदाहरण खरे आहे, निष्कर्ष कच्चा आहे. बेमापाच्या साधनावर मात केलेला एक आपल्याला दिसतो, त्याच साधनामुळे मैदान सोडून गेलेले कोणी मोजलेले नसतात. यशस्वी ठरलेल्यांवरून नियम बांधणे, ही नमुना निवडण्यातली जुनी चूक आहे.

म्हणून प्रश्न आधी मोजण्याचा आहे, आणि त्या बाबतीत अलीकडच्या दोन राष्ट्रीय प्रकल्पांनी चांगली वाट दाखवली आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पावलांचे त्रिमितीय मोजमाप करून ‘भा’ नावाची पादत्राणांची भारतीय मापपद्धती सुचवली. भारतीय पाऊल पंजाशी तुलनेने रुंद असते, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने कपड्यांसाठी ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला, त्यात २५ हजारांहून अधिक लोकांची मापे घेण्याचे उद्दिष्ट ठेवले. यांतून प्रत्येकाला मापाचा बूट मिळणार नाही. पण दुकानातला बूट कोणाच्या पायासाठी आहे, हे तरी बदलेल. तयार आणि मापाचा यांच्या मधली ही तिसरी वाट आहे आणि बहुसंख्यांच्या कामाची तीच आहे.

खेळाच्या साधनांना ही वाट अजून भेटलेली नाही. जालंधर आणि मेरठ येथे क्रीडासाहित्याचे मोठे उद्योग आहेत, पतियाळात राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, मापे घेण्याचे तंत्र देशात आहे. हातांची लांबी, मनगट ते जमीन, पंजाची रुंदी अशी वयागणिक मापे सर्वांसाठी खुली झाली, तर मुलांच्या बॅटी, रॅकेटी, हॉकी स्टिक आणि गोल्फ क्लब यांची तयार मापेच सुधारतील. कार्यशाळेत लोखंडी क्लबची लाय एक-दोन अंश वाकवता येते. मोजायला टेप आणि तळाशी उमटणारा ओरखडा पुरतो. हे साहित्य सार्वजनिक प्रशिक्षण केंद्रांत ठेवणे महाग नाही. एखाद्या श्रीमंत हौशी खेळाडूला चाळिसाव्या वर्षी मापाचा संच मिळाला नाही, तर देशाचे काही बिघडत नाही. कॅडीचे काम करणाऱ्याच्या मुलीला बाराव्या वर्षी कापलेला जड क्लब मिळाला, तर बिघडते.

मुंबईत चेंबूरच्या वस्तीतील मुलांनी लोखंडी सळई वाकवून आपले क्लब घडवले आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीत गोल्फ खेळला. त्या सळईला कोणत्याही कंपनीचा शिक्का नव्हता, पण तिची लांबी आणि वाक मुलांनी स्वतःच ठरवले होते. आपल्या हाताला साधन जुळावे ही गरज पैशातून जन्मत नाही. ती भागवण्याची सोय तेवढी आज पैशावर अवलंबून आहे. ही सोय मोजपट्टीच्या आवाक्यात आणणे, हे विज्ञानाचे काम आहे.